जुन्या विमानांची माहिती वाटताय? या चुका टाळा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. या उड्डाणाचा म्हणून जो फोटो फिरतो, त्यातलं विमान कधी कधी १९३२ साली अस्तित्वातच नव्हतं! मूळ विमान डी हॅविलँड पस मॉथ होतं, नोंदणी व्हीटी-एडीएन. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी तोच मार्ग पुन्हा पार केला तो लेपर्ड मॉथमधून. लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाण १९३३चं. कोणीतरी फोटो उचलतो, ओळ बदलतो, पुढचे शंभर जण तसाच पाठवतात.

दोन्ही विमानं एका पंखाची, बंद केबिनची, त्यामुळे पटकन फसायला होतं. चाकांचे दांडे बघा. पस मॉथमध्ये धक्का झेलणारा दांडा वर पंखाच्या मुळापर्यंत जातो, लेपर्ड मॉथमध्ये तो इंजिनाच्या लगेच मागे, विमानाच्या पुढच्या भागाला जोडलेला असतो. पंखही पाहा: लेपर्डचे टोकाकडे निमुळते होतात. एवढं तपासल्याशिवाय फोटोखाली साल लिहू नका. जाता जाता, जुहूहून बेल्लारी आणि मद्रासकडे टपाल नेणारे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट होते. सगळं श्रेय एकाच नावावर टाकणारे मजकूर रोज दिसतात.

रंगवलेला क्रमांक म्हणजे विमानाची ओळख नव्हे. भारतीय हवाई दलाने जतन केलेल्या ‘परशुराम’ या डकोटा मालवाहू विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक नेणाऱ्या डकोटाच्या सन्मानार्थ तो रंगवला आहे. हे विमान मात्र वेगळं. ब्रिटनमध्ये ते जी-एएमएसव्ही नावाने नोंदलेलं होतं आणि २०१८ मध्ये भारतात आलं. म्हणून तक्त्यात तीन स्वतंत्र रकाने ठेवा: कारखान्याचा उत्पादन क्रमांक, लष्करी क्रमांक, नागरी नोंदणी. विमानाच्या आयुष्यात शेवटचे दोन बदलू शकतात, पहिला सहसा बदलत नाही. सहसा म्हणण्याचं कारण, ओक्लाहोमा सिटीच्या कारखान्यातून निघालेल्या बऱ्याच डकोटांना दोन-दोन उत्पादन क्रमांक मिळाले. दोन याद्या जुळत नसतील तर आधी हे बघा. बहुतेक वेळा दोन विमानं नसतात, एकाच विमानाचे दोन क्रमांक असतात. ब्रिटिश भारतातली १९२९च्या आधीची नोंदणी जी-आय अशी सुरू होते, व्हीटी नंतर आलं. १९२५च्या फोटोखाली व्हीटी दिसलं की काहीतरी चुकलंय.

अवशेषांची सरमिसळ. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर एअर इंडियाची दोन विमानं कोसळली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन (४८ मृत्यू) आणि २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ (११७ मृत्यू, त्यांत होमी भाभा). बोसाँ हिमनदी आजही दोन्हींचे तुकडे खाली आणते आणि बातम्यांत सगळं भाभांच्या विमानाच्या नावावर जमा होतं. पहिला प्रश्न इंजिनाचा विचारा. कॉन्स्टेलेशनला राइट कंपनीची अठरा सिलिंडरांची पिस्टन इंजिनं होती, बोइंगला रोल्स-रॉइस कॉनवे जेट. प्रोपेलरचं पातं किंवा थंड होण्यासाठी बाहेरून पातळ कडी असलेला सिलिंडर मिळाला तर तो १९५०चा; टर्बाइनची पाती असतील तर १९६६चा. नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर त्यावर ठोकलेला भाग क्रमांक शोधा. पत्रा घासण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. घासल्यावर रंगाचा थर आणि तपासणीचे शिक्के जातात, ते परत येत नाहीत. पत्रं किंवा वर्तमानपत्रं सापडली तर त्यांवरच्या तारखेने वाद तिथेच मिटतो. मानवी अवशेष दिसले तर हात न लावता आधी पायथ्याच्या शामोनी गावातल्या पोलिसांना कळवा. त्यांचे फोटो वाटू नका.

वेळ लिहिताना कोणती वेळ ते न लिहिणं. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत टिकली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ दरम्यान भारतात घड्याळं ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. युद्धकाळातल्या दोन नोंदींत बरोबर एका तासाचा फरक दिसला की दोघांपैकी एकाने हे विसरून रूपांतर केलंय असं समजा. वेळ मूळ कागदावर जशी आहे तशी लिहा; रूपांतर वेगळ्या रकान्यात.

एक्सेलची खोडी तर सगळ्यांनाच छळते. जेआरडींच्या वैमानिक परवान्याची तारीख १०/२/२९ अशी टाकली तर ती २०२९ होऊ शकते, आणि अमेरिकी संगणकावर फेब्रुवारीचा ऑक्टोबर होतो. टंकायला बसण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा आणि १९२९-०२-१० असं लिहा. क्रमांकातली सुरुवातीची शून्यंही त्यामुळे वाचतात. आधीच बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ कागदावरून पुन्हा टंका.

‘केसरीत आलं होतं’ म्हणजे संदर्भ नव्हे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, हा दावा याच एका वाक्यावर चालतो. अंकाची तारीख, पान, कात्रण यांपैकी काहीच सोबत नसतं. ‘वैमानिक शास्त्र’ या ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. हाच नियम ब्रिटनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारालाही लागू. ‘क्यूमधून’ एवढं लिहून भागत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनच्या (तुकड्यांच्या) नोंदवह्या एआयआर २७ या मालिकेत आहेत: फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाण. फाइल क्रमांक, महिना, फॉर्म आणि पान, चारही द्या. दोन फॉर्म एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही छापा. आपल्या मनाने एक निवडून दुसरा गाळू नका.

स्कॅनबद्दल थोडक्यात. छापील फोटो ६०० डीपीआय, ३५ मिमी निगेटिव्ह किमान २४०० डीपीआय, मूळ प्रत टिफ, वाटायची प्रत जेपीईजी. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, शिक्का आणि पेन्सिलीतली नोंद तिथेच असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि आतली माहिती पुसली जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोतल्या विमानाच्या शेपटीवर आपल्या नावाचा ठसा उमटवणाऱ्यांना काय म्हणावं? नेमका क्रमांकच झाकतात.

आणि हक्क. जुन्या बाजारातून फोटो विकत घेतला म्हणजे त्याचा कॉपीराइट मिळाला असं नाही. भारतीय कायद्यात छायाचित्राचं संरक्षण २०१२च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं होतं; आता ते छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतं. स्वतःच्या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन वापरा असं सांगणारा परवाना द्या. ‘अव्यावसायिक’ अट घातलीत तर विकत मिळणारं मासिक किंवा शुल्क घेणारं संग्रहालय वापरायला कचरतं आणि माहिती पुन्हा कपाटात जाते. कुटुंबाकडून आलेली लॉगबुकं (वैमानिकांच्या उड्डाणांच्या नोंदवह्या) वाटताना घरचे पत्ते आणि नातेवाइकांची नावं झाका. फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक घाला आणि पहिल्या पानावर काय बदललं ते तारखेसह लिहा, म्हणजे जुनी प्रत हातात असलेल्याला नवी कुठे वेगळी आहे ते शोधत बसावं लागत नाही.