टायर उतरलाच आहे, तर रिमही बघा
जुन्या ट्रॅक्टरचा मागचा टायर जांभ्याच्या धारेवर कापला, की आतून गेटर (जाड रबरी ठिगळ) टाकून भागतं. बाजूच्या भिंतीतले दोरेच तुटले असतील, तर मात्र त्यावर पैसे घालू नका. खरी गोम रिममध्ये असते. खारी हवा, त्यात चिखलणीचं पाणी. आतून गंजाचे पापुद्रे सुटतात आणि नवी ट्यूब त्यांवरच घासून फाटते. शिव्या खातो पंक्चरवाला! तारेच्या ब्रशने गंज खरवडा, व्हॉल्व्हच्या भोकाभोवती जरा जास्तच. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा, हात द्या, खडखडीत सुकू द्या, मगच ट्यूब घाला. आणि हो, वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असेल, तर चाक काढण्याआधी ते सोडून द्या. तसलं चाक एकट्याला आवरत नाही.