‘इथल्या इथे तर जायचंय!’ गोव्यात गाडी काढताना या चुका टाळा

तिठ्यावरच्या दुकानातून नारळ आणायचा असला की हेल्मेट घरीच राहतं. गोव्यात वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, पण ‘इथल्या इथे तर जायचंय’ हे आपल्या तोंडचं वाक्य काही गेलं नाही. कायद्यात जवळ-लांब असा फरक नाही. हेल्मेट नसेल तर एक हजार रुपये दंड, शिवाय लायसन तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पट्टा न लावता डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेटही चालत नाही. मागे बसणाऱ्यालाही हाच नियम.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सकाळी शाळेच्या वेळेला. स्कूटरच्या पुढच्या जागेत पोर उभं, हुकाला दप्तर, वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पोराचं डोकं उघडं! जोरात ब्रेक लागला तर ते आधी हँडलवर आदळणार. चार वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या मापाचं हेल्मेट लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून चालवणाऱ्याला बांधायचा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

दुसरी चूक अकरावी-बारावीच्या घरात होते. ‘सोळा पूर्ण झाली, आता लायसन मिळतं,’ म्हणून आईची स्कूटर मुलाच्या हाती दिली जाते. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं असतं. आपल्या दारातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची, तिला अठरा वर्षं पूर्ण हवीत. गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. लाडाने दिलेली चावी पोराच्या कॉलेजची सगळी वर्षं अडवून बसेल.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने देऊ नका. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात.

पणजीतल्या दिव्जा सर्कलसारख्या गोल चौकात घुसायची घाई नको, आत आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला. झेब्रावर पुढची गाडी थांबली असेल तर तिला ओलांडून जाऊ नका. तिच्या आडून कोणीतरी रस्ता पार करत असतं, म्हणूनच ती थांबलेली असते.

पहाटे पाव घेऊन निघालेला पोदेर बघा: मागे भली मोठी टोपली, वळणावर भोंगा, आणि बऱ्याचदा दिवा नाही. सायकलवाल्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा लावावाच. मोटारवाल्यांनी त्याला चिकटून न जाता हातभर जास्तच जागा सोडावी. गावातल्या फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालताना उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते.

लायसनची तारीख आजच बघा. मुदतीनंतर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत आता नाही, आणि वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. डिजिलॉकरमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत, गॅलरीतला फोटो नाही.

आणि अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही. गाडी कडेला घ्या आणि १०८ लावा.