स्टार्टचा सूर: पहिल्या पंधरा मीटरची तयारी

२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे याने ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल २२.४७ सेकंदांत पूर्ण केली आणि त्याचं कांस्यपदक अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकलं. त्या पातळीवर प्रत्येक गोष्ट घासूनपुसून घेतलेली असते. शालेय आणि जिल्हा स्पर्धांना नुकतीच उतरू लागलेली मुलं मात्र ब्लॉकवरच, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावरच, कितीतरी वेळ घालवून बसतात. मी अशाच मुलांना शिकवते. स्ट्रोक सुधारायला अख्खा हंगाम लागतो. स्टार्ट काही आठवड्यांत बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

विहिरीत पोहायला शिकलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पाण्याची भीती अजिबात नसते, हे त्यांचं मोठं भांडवल. पण विहिरीतला सूर खोल जायचा असतो. शर्यतीतला सूर पुढे जायचा असतो. तलावाच्या मुलांची अडचण उलटी: खोल जाऊ या भीतीने ती डोकं वर धरतात, मग पोट आपटतं आणि गॉगल गळ्यात येतो. दोघांनाही मी एकच सांगते, सगळं शरीर एकाच भोकातून आत जाऊ द्या. जिथे बोटं शिरली, तिथूनच डोकं, कंबर आणि पाय शिरले पाहिजेत.

त्यासाठी पहिले काही दिवस ब्लॉक विसरा. काठावर बसून, मग एका गुडघ्यावर, मग उभं राहून सूर मारा. एक तळवा दुसऱ्यावर, अंगठा अडकवलेला, दंड कानांमागे, हनुवटी आत. हीच स्ट्रीमलाइन जमिनीवर आरशासमोर रोज धरून बघा. खांदे आखडलेले असतील तर दंड कानांमागे जातच नाहीत, आणि मग पाण्यात कितीही प्रयत्न केला तरी उपयोग होत नाही.

आणि सूर मारण्याआधी खोली विचारा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ब्लॉकसमोर किमान १.३५ मीटर पाणी लागतं, तेही भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटरच्या पट्ट्यात. शिकणाऱ्यांसाठी मला तेही कमी वाटतं. ब्लॉक उथळ बाजूला असतील तर सराव खोल बाजूच्या काठावरून करा. मानेच्या दुखापतीशी खेळ नको.

ब्लॉकवर एक पाय पुढे, बोटं कडेला घट्ट वळवलेली, दुसरा मागे. कुठला पाय पुढे हे पुस्तकात शोधू नका; दोन्ही बाजूंनी करून घड्याळ काय म्हणतं ते बघा. मागच्या पायासाठी तिरकी पट्टी असलेले ब्लॉक ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा २०१२ला लंडनमध्ये दिसले. तुमच्या तलावावर ती पट्टी नसेल तरी पायांची ठेवण तीच. मागचा गुडघा साधारण काटकोनात आणि कंबर उंच. संकेत होताच हातांनी ब्लॉक मागे ओढायचा, मागच्या पायाने ढकलायचं आणि पुढच्या पायाने शेवटचा रेटा द्यायचा. उडी वर नाही, पुढे.

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग. पाण्यात शिरताना तुमचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो वेग फुकट मिळालेला आहे. शिरल्या शिरल्या पाय मारायला लागलात तर शरीराची रेषा मोडते आणि तो वेग तिथेच संपतो. क्षणभर ताठ राहा, वेग उतरायला लागला की डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी किक, सुरू करा. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायमध्ये डोकं १५ मीटरच्या खुणेपर्यंत वर यावंच लागतं. पण ती मर्यादा आहे, गाठायचं ठिकाण नव्हे. किक कच्ची असलेलं मूल १५ मीटरपर्यंत खाली राहिलं तर त्याचा तोटाच होतो. त्याने सात-आठ मीटरवर वर यावं आणि पहिले दोन स्ट्रोक श्वास न घेता मारावेत. ब्रेस्टस्ट्रोकचं गणित वेगळं आहे. तिथे पाण्याखाली हातांची एक पूर्ण ओढ आणि एकच डॉल्फिन किक चालते.

प्रगती मोजायची तर उडीची लांबी मोजू नका. डोकं १५ मीटरची खूण ओलांडेपर्यंतचा वेळ घ्या आणि काठावरून मोबाइलवर बाजूने चित्रण करा. सराव वॉर्मअपनंतर लगेच, थोडाच, पण प्रत्येक सूर पूर्ण ताकदीने. दोन तासांच्या पोहण्यानंतर थकलेल्या पायांनी मारलेले सूर चुकीची सवयच पक्की करतात.

स्पर्धेच्या दिवशी गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घ्या. छोट्या शिट्ट्या झाल्या की तयार व्हा, लांब शिट्टीला ब्लॉकवर चढा, ‘टेक युअर मार्क्स’ म्हटल्यावर एकदम स्थिर. संकेताआधी सूर मारला तर दुसरी संधी नाही, थेट बाद. शेजारच्या लेनकडे बघून निघणारी मुलं इथेच सापडतात, म्हणून सरावातही कोणीतरी संकेत द्यावा आणि तो दर वेळी वेगळ्या अंतराने द्यावा.