कोणता दुर्मिळ प्राणी कुठे पाळला आहे, हे शोधायचं कसं?

प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आला की बातमी होते. तो मेला किंवा दुसरीकडे गेला की सहसा होत नाही. त्यामुळे नुसतं नाव टाकून शोधलं तर हाती लागतं ते बरेचदा शिळं असतं. आजची स्थिती हवी असेल तर नोंदींकडेच वळावं लागतं.

आधी शास्त्रीय नाव पक्कं करा, उपजातीसकट. सुमात्रा आणि बोर्निओतला क्लाउडेड लेपर्ड (लामचित्ता) २००६ पासून निओफेलिस डिआर्डी ही वेगळी प्रजाती मानला जातो; त्याआधीच्या याद्यांत तो मुख्य भूमीवरच्या निओफेलिस नेब्युलोसाच्या खाली सापडतो. अशी जुनी नावं आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत) त्या-त्या प्रजातीच्या पानावर दिलेली असतात. ती सगळी एकेक करून शोधा.

उपजातीच्या पाटीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत आशियाई म्हणून वाढवलेल्या सिंहांची १९८० च्या दशकात जनुकीय तपासणी झाली, तेव्हा मूळ प्राण्यांतच आफ्रिकी सिंह मिसळलेले निघाले आणि तो प्रजनन कार्यक्रम गुंडाळावा लागला. तिथल्या खासगी मालकांकडचे वाघही बहुतेक सरमिसळ वंशाचे आहेत. पिंजऱ्यावर 'सायबेरियन' लिहिलं म्हणून आतला वाघ सायबेरियन ठरत नाही.

लाल यादी वाचतानाच आणखी एक काम उरकून घ्या. काही प्रजाती कुठेच पाळलेल्या नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. व्हिएतनाम-लाओसच्या जंगलातला साओला हा खुरांचा प्राणी त्यातलाच. जावाचा गेंडा बंदिवासात शेवटचा होता तो ॲडलेडला, १९०७ साली मेला. व्हाकिटा हा मेक्सिकोच्या समुद्रातला डॉल्फिनसारखा छोटा प्राणी पकडून सांभाळायची मोहीम २०१७ साली निघाली, एक मादी दगावली आणि मोहीम तिथेच थांबली. प्राणिसंग्रहालयांतले गोरिला जवळपास सगळे पश्चिमेकडच्या सखल जंगलातले आहेत, पहाडी गोरिला त्यांत एकही नाही. याउलट सोकोरोचं कबूतर किंवा अलागोआसचा कुरासो यांच्यासारखे 'जंगलातून नामशेष' म्हणून नोंदलेले पक्षी शोधायला सोपे, कारण पाळलेल्या पक्ष्यांवरच सगळी भिस्त असल्याने त्यांचा हिशेब नीट ठेवलेला असतो.

युरोपासाठी झूटियरलिस्टे हे जर्मन संकेतस्थळ सगळ्यात कामाचं. प्रजातीचं पान उघडलं की सध्याचे धारक आणि पूर्वीचे धारक अशा दोन याद्या दिसतात. घाईत दुसरी यादी वाचून लोक भलत्याच गावी पोचतात. एकेका नोंदीखालची टीपही वाचा. प्राणी आहे पण प्रदर्शनाबाहेर ठेवलाय, असं तिथेच कळतं. माहिती हौशी जाणकार भरतात, म्हणून छोट्या संस्थांच्या नोंदी मागे पडतात.

व्यावसायिक पातळीवरची नोंद म्हणजे स्पीशीज३६० या संस्थेची झिम्स प्रणाली. जगभरच्या हजाराहून अधिक संस्था तिच्यात आपले प्राणी नोंदवतात, पण ती पूर्ण पाहायला सभासदत्व लागतं. मात्र तिथले आकडे वार्षिक अहवालांत आणि याद्यांत झिरपतात, तेव्हा ते वाचता आले पाहिजेत. '३.२.१' म्हणजे तीन नर, दोन माद्या आणि लिंग न कळलेला एक. '४.०' दिसलं तर चार प्राणी आहेत, पण तिथे पिल्लं होणार नाहीत. बहुधा इतर कळपांतले जास्तीचे नर एकत्र ठेवलेत. '०.०.२००' असेल तर बेडूक, मासे किंवा गोगलगायी, आणि तो आकडा अंदाजाचा समजा. एकच प्राणी दुसऱ्या संस्थेत गेला की त्याचा स्थानिक क्रमांक बदलतो. वेगवेगळ्या वर्षांच्या याद्या जोडून बेरीज केली की तोच प्राणी दोनदा मोजला जातो. स्टडबुकातला, म्हणजे त्या प्रजातीच्या वंशावळ-नोंदवहीतला क्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो, शक्य असेल तिथे तोच धरा. युरोपी बायसनचं स्टडबुक १९३२ पासून निघतंय. युरोपात ईईपी आणि अमेरिकेत एसएसपी या प्राणिसंग्रहालयांच्या एकत्रित प्रजनन कार्यक्रमांत कोणत्या प्रजाती आहेत, हे ते चालवणाऱ्या प्राणिसंग्रहालय-संघटनांच्या संकेतस्थळांवर दिलेलं असतं.

खरी मेहनत खासगी संग्रहांत आहे, आणि ते टाळून चालत नाही. पेर डेव्हिडचं हरीण चीनमधून नाहीसं झालं तेव्हा ते इंग्लंडमध्ये वोबर्न ॲबीच्या खासगी कळपात टिकलं. १९८५ साली तिथूनच चीनला परत गेलं. स्पिक्सचा मकाव हा निळा पोपट वाचला त्यात कतारमधल्या अल वाब्रा या खासगी केंद्राचा मोठा वाटा. टेक्सासच्या रॅंचेसवर (खासगी कुरणांवर) सिमिटर ओरिक्स हे आफ्रिकी कुरंग हजारोंच्या संख्येने आहेत, जगातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांत मिळून नसतील इतके. मेक्सिकोतले गुडीड मासे तर कित्येकदा हौशी मंडळींच्या टाक्यांमुळेच शिल्लक आहेत. त्यांच्यासाठी मत्स्यपालकांच्या संघटनांच्या प्रजाती-याद्या बघा.

खासगी मालक जाहिरात करत नाहीत, पण कागद मागे राहतात. साईट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्यापार-विदागारात (डेटाबेसमध्ये) प्रजातीचं नाव टाका, 'जिवंत' हा प्रकार निवडा आणि दोन रकाने पाहा. स्रोत 'सी' म्हणजे बंदिवासात पैदास केलेला, 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातून आणलेला. हेतू 'झेड' म्हणजे प्राणिसंग्रहालय, 'बी' म्हणजे प्रजनन, 'पी' म्हणजे वैयक्तिक. इथे फसायला भरपूर जागा आहे. निर्यातदार देशाचा आकडा आणि आयातदार देशाचा आकडा यांची बेरीज करायची नसते, तो बहुधा एकच व्यवहार असतो. काही देश प्रत्यक्ष पाठवणी मोजत नाहीत, दिलेले परवाने मोजतात. युरोपीय संघातल्या आपापसातल्या हालचाली यात येतच नाहीत. गेल्या वर्षीचा अहवाल देशांनी यंदाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो, म्हणून ताजं वर्ष नेहमी अर्धवट दिसतं. आणि इथे देश कळतो, मालक कळत नाही.

अमेरिकेपुरता मालकही कळू शकतो. तिथल्या कृषी खात्याच्या एफिस विभागाच्या तपासणी अहवालांना परवानाधारकाकडच्या प्राण्यांची यादी जोडलेली असते, शास्त्रीय नाव आणि संख्येसकट. साप, कासवं, बेडूक त्यात शोधू नका. ही तपासणी ज्या प्राणी-कल्याण कायद्याखाली होते, तो थंड रक्ताच्या प्राण्यांना लागू नाही.

खासगी धारक सापडला तर तुमच्या यादीत देश किंवा प्रांतापुरतंच लिहा, पत्ता नको. मादागास्करच्या नांगरी कासवांच्या प्रजनन केंद्रातून १९९६ साली ७० हून अधिक कासवं चोरीला गेली होती. आता त्या कासवांच्या पाठीवर मुद्दाम ठळक अक्षरं-आकडे कोरतात, बाजारात त्यांना भाव येऊ नये म्हणून.

शेवटची खात्री थेट संस्थेकडून करा. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत नोंदी ठेवणारा रजिस्ट्रार असतो, मेल त्याच्या नावे पाठवा. 'तुमच्याकडे कोणते दुर्मिळ प्राणी आहेत?' असं विचारलं तर उत्तर येत नाही, आलं तरी माहितीपत्रक येतं. शास्त्रीय नाव लिहून तीनच गोष्टी विचारा: आज संख्या किती (नर.मादी.अज्ञात), प्रदर्शनात आहेत का, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दिसण्याची शक्यता जास्त. मादागास्करच्या आय-आय या लेमरसारख्या निशाचरांच्या दालनात दिवसा मुद्दाम अंधार ठेवलेला असतो, तेव्हा तिसरा प्रश्न गाळू नका. उत्तर आलं की यादीत आकड्याशेजारी त्या दिवसाची तारीख टाका, आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा विचारा. विलगीकरण, पिल्लांचा जन्म किंवा दालनाची दुरुस्ती यांपैकी काहीही मधे येऊ शकतं.