मुरमाड जागेत भाजीचा वाफा कसा करायचा

पुण्याच्या आसपास रो हाऊस घेतलं की मागे दहा बाय पंधराची जागा मिळते, आपण लगेच मेथी-कोथिंबिरीची स्वप्नं बघतो, आणि पहिली कुदळ मारली की आवाज येतो ठण्ण. वर चार बोटं धूळ, खाली मुरूम आणि त्यात गाडलेला बांधकामाचा राडारोडा. मी पहिल्या वर्षी पहार घेऊन दोन फूट खोल खणायच्या मागे लागलो, कंबर धरली आणि हाती आली फक्त दगडांची रास. तर सांगायचं एवढंच की असल्या जागेत खाली जायचं नाही, वर यायचं. गादीवाफा करा.

आधी एक फूटभर खड्डा घेऊन त्यात पाणी ओता, ते जिरलं की परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी रात्रभर तसंच राहिलं तर खाली कातळ नाहीतर चोपण, म्हणजे पाणी न जिरणारी चिकट माती आहे, मग वाफा आणखी उंच लागेल. आणि मातीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर चुनखडी आहे किंवा सिमेंटचा चुरा. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. प्लास्टर-सिमेंटचे तुकडे वेचून काढा, आणि चुलीची राख चांगली असते म्हणून शेजारचे आजोबा घमेलं घेऊन आले तर गोड बोलून परत पाठवा, राखेने हे दुखणं वाढतं.

वाफा तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणे. टिकावाने वरचं सहा इंच फक्त मोकळं करायचं, मोठे दगड काढून त्यांचाच कडेने बांध घालायचा. तळाला थोडा पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, त्यावर चाळलेली माती दोन भाग आणि कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, एकूण उंची फूटभर. पावसात ते दबून आठ-नऊ इंचावर येतं, घाबरू नका.

शेणखताचं मात्र नीट बघून घ्या. काळं, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारं हवं. ओलं, शेणाचा वास मारणारं स्वस्तात मिळालं म्हणून टाकलंत तर त्याबरोबर हुमणी येते, ती पांढरी इंग्रजी सी सारखी वळलेली अळी, आणि मुळं खाऊन टाकते. माझी सात वांगी गेली, एकेक उपटलं की हातात नुसता बुडखा. विकतची लाल मातीसुद्धा गोणीभर आणून आधी भिजवून वाळवून बघा, विटेसारखी कडक झाली तर अख्खा टेम्पो मागवू नका.

खरी जादू तागाची, म्हणजे बोरूची आहे. जूनमध्ये पाऊस लागला की वाफ्यावर मूठभर बी फेकायचं, ४५-५० दिवसांत कमरेच्या वर जातो, फुलं दिसायला लागली की विळ्याने कापून, तुकडे करून तिथेच मातीत मिसळायचा. उशीर केला तर खोड दोरखंड होतं (ताग शेवटी, पोत्याचाच भाऊ) आणि कुजता कुजत नाही. तागाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात म्हणून खत फुकटात. मग दोन-तीन आठवडे थांबा. लोक इथेच घाई करतात, कुजत असलेल्या मातीत बी टाकतात आणि उगवत नाही म्हणून बियाणंवाल्याला शिव्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिली पेरणी मेथी, चवळी, मुळा. टोमॅटो-वांगी पुढच्या वर्षी. रोपं वर आली की दोन इंच पाचटाचं आच्छादन, पण खोडाला चिकटवू नका, तिथे गोगलगायी दडतात.