मानेची शीर दबली आहे का, ते हाताला विचारा

गेल्या डिसेंबरात, ऊसतोडीचा हंगाम जोरात असताना, एक ट्रॅक्टरवाले दादा आले. बाहेरच्या बाकावर बसले होते ते उजवा हात डोक्यावर ठेवूनच. शेजारच्या आजींनी विचारलं, "डोकं दुखतंय का रे?" ते म्हणाले, "नाही आजी, हात खाली घेतला की कळ येते." मी फिजिओथेरपिस्ट आहे. ते ऐकलं आणि मला निम्मं निदान तिथंच मिळालं. मानेतली शीर, म्हणजे हाताकडे जाणारा मज्जातंतू, दबली की हात डोक्यावर ठेवल्याने तिच्यावरचा ताण सैल होतो, आणि हे माणूस कुणी न शिकवता शोधून काढतो.

त्यांनी एमआरआयचं पाकीट पुढे केलं. मी ते बाजूला ठेवून म्हटलं, कळ कुठवर जाते ते एका बोटाने दाखवा. बोट मानेपासून निघालं, खांद्याच्या पात्याशी क्षणभर थांबलं, मग दंडाच्या मागून उतरत थेट मधल्या बोटाच्या टोकाला गेलं. हेच तुम्हीही घरी करून बघा.

मानेत मणके सात, पण शिरांच्या जोड्या आठ. मुंग्या अंगठ्यात आणि तर्जनीत येत असतील तर बहुतेक सहावी शीर, मधल्या बोटात सातवी, करंगळी-अनामिकेत आठवी. पाचवीचं दुखणं खांद्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला राहतं आणि हात बाजूने वर उचलायला जड जातो. सगळ्यात जास्त वेळा सापडते ती सातवी.

मग ताकद बघा. भिंतीला दोन्ही तळवे टेकवून दहा वेळा अंग मागे ढकला. एक कोपर आधी ढिला पडला तर सातवीवर संशय घ्या. कपडा पिळताना, कुलूप उघडताना पकड सुटत असेल तर आठवी. शेवटी मान हळूच मागे नेऊन दुखऱ्या बाजूला कलती करा. हातात कळ उतरली की लगेच थांबा, उत्तर मिळालं. नुसती मान दुखली तर ती खूण धरू नका. आम्ही याच स्थितीत डोक्यावर हलका दाब देऊन बघतो, पण तो घरच्यांनी देऊ नये.

फसवणारी दुखणीही आहेत. रात्री पंजा बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, तेव्हा शीर बहुधा मनगटात दबलेली असते. फक्त करंगळीकडे मुंग्या येत असतील तर कोपरही तपासून घ्या. आणि चालताना, जिना चढताना हात किंवा जबडा दुखतो, छाती भरून येते, घाम फुटतो, तर मानेचा विचारच करू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तितक्याच घाईने डॉक्टरकडे जायचं ते शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा गेला किंवा मान खाली घालताच पाठीतून करंट गेल्यासारखं झालं तर. तिथे शीर नाही, मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जूच दबत असतो. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं, हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यातही घरगुती उपाय करत बसू नये.

एमआरआय कधी? अशा खुणा दिसल्या, किंवा सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या रिपोर्टमध्येही दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते. दादांच्या रिपोर्टात तीन ठिकाणी गादी बाहेर आलेली होती, हात मात्र एकाच शिरेचं नाव घेत होता. तीन जागा वाचून ते आठ दिवस झोपले नव्हते.

आता उपचार. बहुतेकांना ऑपरेशनशिवाय सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो, म्हणून धीर धरा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. किडनी, बीपी, ॲसिडिटीचा त्रास असेल तर जास्तच जपून. मानेचा पट्टा सुरुवातीच्या दुखऱ्या दिवसांत उपयोगी पडतो, पण महिनोन्‌महिने लावला तर स्नायू ढिले पडतात. शेक पंधरा मिनिटं, टॉवेलवरून, आणि मानेवरच. बधिर हातावर गरम पिशवी कधीही ठेवू नका. मधुमेही बाईंचा असा भाजलेला हात मी पाहिला आहे, त्यांना फोड आल्यावरच कळलं.

सलूनमध्ये मान कडकड मोडून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि डोक्यावरचं ओझंही सध्या बंद.

व्यायाम थोडेच, पण रोज. ताठ बसून, नजर समोर ठेवून, हनुवटी सरळ मागे न्या, पाच सेकंद धरा, दहा वेळा. मग दोन्ही पाती मागे एकमेकांकडे ओढा, तेवढंच. कळ थोडी बसली की तळवा कपाळाला लावून मान न हलवता दाबा, पाच सेकंद. कुशीवर झोपताना उशी खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढीच हवी.

आणि एक वही करा. रोज रात्री तिच्यात हाताचा आकार काढून, कळ कुठवर गेली तिथे खूण करा. खूण बोटाकडून कोपराकडे, कोपराकडून खांद्याकडे सरकत असेल तर मान थोडी जास्त दुखली तरी गाडी बरोबर चालली आहे. खूण खाली उतरली तर त्या दिवशीचा नवा व्यायाम बंद. ताकद घटत असेल किंवा महिने गेले तरी दुखणं हटत नसेल, तर मणक्याच्या सर्जनना भेटा. इंजेक्शन की ऑपरेशन, ते तेच ठरवतील.

दादांचं मूळ ट्रॉलीत होतं. दिवसभर उजवीकडे मान वळवून मागचा ऊस बघायचा, म्हणजे शीर बाहेर पडते ती फट तासन्‌तास अरुंदच. आम्ही ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंनी मोठे आरसे बसवायला लावले. सातव्या आठवड्यात त्यांच्या वहीतली खूण खांद्यावर थांबलेली होती आणि भिंतीवरचे दहा जोर पूर्ण झाले. मधल्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे.