सी मध्ये फाइल संपेपर्यंत पूर्णांक वाचताना चुकीचा इनपुट कसा पकडावा

सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना बहुतेकजण असा लूप लिहितात: स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनने पूर्णांक वाचायचा आणि उत्तर ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. आकडेच येत राहिले तर काही अडत नाही. पण आकड्याच्या जागी कोणी 'आंबा' टाइप केलं की प्रोग्राम थांबायचं नावच घेत नाही. आकडा न सापडल्यामुळे स्कॅनएफ 0 परत करतो, आणि न पटलेलं अक्षर जागेवरच ठेवतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच अक्षर समोर. ईओएफ येणार कुठून?

'उत्तर 1 असेपर्यंत' अशी अट घातली की फेऱ्या थांबतात. तरी आवाक्याबाहेरचा मोठा आकडा आला तर काय होईल, याची हमी सीचं मानक देत नाही. म्हणून माझा आग्रह एकच: आधी अख्खी ओळ हातात घ्या, मग तिची परीक्षा करा.

पहिली पायरी ओळ वाचण्याची. 128 अक्षरांचा बफर (ओळ ठेवायची तात्पुरती जागा) घ्या आणि 'एफगेट्स नल देत नाही तोवर' हीच लूपची अट ठेवा; एफगेट्स ओळ वाचतो, आणि वाचायला काही उरलं नाही की नल म्हणजे रिकामा पॉइंटर देतो. लूपच्या अटीत एफईओएफ (इनपुट संपला का, ते सांगणारं फंक्शन) लिहू नका. वाचण्याचा प्रयत्न फसल्यावरच तो खरा होतो, त्यामुळे शेवटची ओळ दोनदा मोजली जाते.

मग बफरमध्ये नवओळीचं चिन्ह आहे का, ते बघा. नसेल तर ओळ बहुधा बफरपेक्षा लांब आहे; एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारने तिचा उरलेला भाग नवओळ किंवा ईओएफ येईपर्यंत वाचून टाका आणि ओळ नाकारा. फाइलची शेवटची ओळ मात्र नवओळीशिवाय संपू शकते. एफईओएफचा खरा उपयोग इथे आहे: गेटचार वापरण्याआधीच तो खरा असेल तर ओळ ग्राह्य धरा.

आता मुख्य काम. एररनो (त्रुटीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) 0 करा, कारण लायब्ररी ते स्वतःहून कधीच 0 करत नाही. नंतर मजकुरातून लाँग प्रकारचा पूर्णांक काढणाऱ्या स्ट्रटॉलला ओळ, शेवट दाखवणारा पॉइंटर आणि पाया 10 द्या. पाया 0 दिलात तर 010 म्हणजे 8 होतील! पॉइंटर सुरुवातीलाच राहिला, तर ओळीत आकडा नव्हता. एररनो ईरेंज झाला, तर आकडा लाँगमध्ये मावला नाही. 64 बिट लिनक्सवर लाँग इंटपेक्षा मोठा असतो, म्हणून इंटच्या मर्यादा सांगणाऱ्या इंट_मिन आणि इंट_मॅक्सशीही तुलना करा; 32 बिट इंटची वरची मर्यादा 2147483647 आहे.

आकड्यानंतर उरलेली अक्षरं इझस्पेसने तपासा. मोकळी जागा चालेल, '12अ' नाही. इझस्पेसला अक्षर देताना ते अनसाइन्ड चारमध्ये बदलाच. युटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरी अक्षराचे 3 बाइट होतात आणि प्रत्येक बाइट 127 च्या वरचा. साइन्ड चारमध्ये ते ऋण ठरतात, आणि इझस्पेसला अशी किंमत देणं बेकायदा आहे. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला '१२' सुद्धा स्ट्रटॉलला आकडा वाटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ओळ नाकारली की तिचा क्रमांक एसटीडीईआरआरवर (त्रुटी दाखवायच्या वेगळ्या आउटपुटवर) छापून पुढच्या ओळीकडे वळा. लूप संपल्यावर एफएररने खात्री करा, कारण वाचनात बिघाड झाला तरी एफगेट्स नलच देतो.

चाचणीसाठी रिकामी ओळ, '-7', '+5', '3.14' आणि 99999999999 द्या. लिनक्सवर ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर दाबलं की इनपुट संपतो.